गफूरभाई आणि नावातली फट

परवा शेजारच्या गावच्या ग्रामपंचायतीतल्या ऑपरेटरचा फोन आला. बॅच फाइल, म्हणजे कॉम्प्युटरला ओळीनं कामं सांगणारी फाइल, चालत नाही म्हणाला. काल चालत होती, आज नव्या फोल्डरचा पत्ता दिला तर स्क्रीन काळी होते, दोन ओळी इंग्रजी बोलते आणि मिटते. मी न बघताच विचारलं, "फोल्डरच्या नावात फट आहे का?"

"फट?"

"फट म्हणजे स्पेस रे. दोन शब्दांमधली मोकळी जागा."

"मग तसं म्हणा की सर. फट काय!"

फोन ठेवल्यावर माझं मलाच हसू आलं. आमच्या पंचक्रोशीत स्पेसला फट म्हणणारा एकच माणूस होता. त्यानं मला हा विषय दोनदा शिकवला. पहिल्यांदा चहा पिता पिता. दुसऱ्यांदा अख्खं गाव वेठीला धरून, पण त्यात दोष त्याचा नव्हता, विद्यार्थ्याचा होता.

गफूरभाईंना कोणी शिक्षण विचारलं की ते म्हणायचे, "साडेसात. पुढं यत्ता लाव नायतर हॉर्सपॉवर लाव, दोन्ही चालतंय." सातवी पास झाले, आठवीत दिवाळीपर्यंत बसले आणि मग चुलत्याच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात तांब्याची तार गुंडाळायला लागले. साठी उलटली तरी गुंडाळतच होते. तालुक्याच्या गावी एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला, तेव्हा त्यांनी तिथला एक जुना कॉम्प्युटर दुकानात आणून ठेवला. जळक्या मोटारी, वार्निशचा वास आणि मधोमध तो पिवळा पडलेला मॉनिटर. क्लासवाल्यानं सोबत एक फाटकं पुस्तक दिलं होतं, ते गफूरभाईंनी एखाद्या मोटारीसारखं खोललं आणि परत जोडलं. त्यातून दोन गोष्टी निघाल्या: विहिरींच्या पाण्याचे तक्ते करणारा एक छोटा प्रोग्राम, आणि तो चालवणारी बॅच फाइल. फाइलीचं नाव 'चल'.

विहिरींचं पाणी कशाला, तर ते सांगायला हवं. आमचं गाव पारनेर तालुक्यात, पाऊस जिथे येतो येतो म्हणतो अशा भागात. हिवरे बाजार, राळेगणसिद्धी ही नावाजलेली गावं आमच्यापासून फार लांब नाहीत. तिथलं काम बघायला लोक बस करून येतात. आमच्याकडे रस्ता चुकले तर येतात. पण त्यांचं बघून एक गोष्ट आम्हीही उचलली होती. दिवाळी झाली की ग्रामसभा बसते, गावातल्या तीस विहिरींचं पाणी वाचून दाखवलं जातं, आणि गेल्या सालापेक्षा ते खाली गेलं असेल तर त्या साली उन्हाळी कांदा कोणी लावायचा नाही. याला कायदा नाही, दंड नाही, नुसतं ठरलेलं आहे. एकानं मोडलं तर एकोणतीसजण मोडणार, आणि फाल्गुनात गावाच्या पिण्याच्या विहिरीवर टँकरची वाट बघत हंड्यांची रांग लागणार. ती रांग आमच्या बायकांनी पाहिलेली आहे. पुरुषांनी ऐकलेली आहे.

मोजायचं काम गफूरभाईंकडे आलं, कारण गावातली एकही विहीर अशी नव्हती जिच्यात ते मोटार काढायला उतरले नव्हते. दुसरं कारण आमच्या सरपंचबाईंनी भर सभेत सांगितलं होतं: "ह्यांना शेत न्हाई, हीर न्हाई, गावात भावकी न्हाई. कोनाच्या बाजूनं खोटं बोलतील?" गावात मुसलमानांची घरं चार. त्यातल्या एका घराच्या शब्दावर गाव कांदा लावायचं थांबत होतं. म्हणजे शब्दावर नव्हे, आकड्यावर. हा फरक गफूरभाई फार जपायचे.

मोजायची त्यांची पद्धत ठरलेली. हातात फुटाफुटाला खूण केलेला दोर, टोकाला पितळी वजन. कठड्यावर कोपर टेकून दोर सोडायचा, पाण्याला वजन लागल्याचा आवाज ऐकायचा आणि कठड्यापासून पाणी किती फुटांवर आहे ते बॉलपेननं मनगटाच्या वर लिहायचं. वहीवर नाही. वही का नाही विचारलं तर म्हणायचे, "वही दोनदा हिरीत पडली. हात अजून पडला न्हाई." संध्याकाळी ग्रामपंचायतीत आले की डावा हात टेबलावर आडवा ठेवून उजव्या हाताच्या एका बोटानं टाइप करायचे. टाइप झालं की कोपऱ्यातल्या नळावर हात धुऊन टाकायचे. सभेत वाचलेले छापील तक्तेही नंतर रद्दीत जायचे. कागद कुठेही नाही.

दुसरा नियम चहाचा. आधी माप, मग चहा. शेतकरी कितीही आग्रह करो. "चहा पिऊन मापलं की अर्धा फूट हलतंय," हे त्यांचं म्हणणं. रमजानच्या महिन्यात मोजणी आली तेव्हा रोजा धरून फिरले आणि वर म्हणाले, "ह्या साली माप एकदम चोख. चहाची भीतीच न्हाई."

मी या गोष्टीत शिरलो तो ऑपरेटर म्हणून. स्पर्धा परीक्षेत दोनदा आपटून, तिशी ओलांडून गावात परत आलो होतो. ग्रामपंचायतीत दाखले काढायचं काम मिळालं आणि मला वाटायला लागलं की गावात कॉम्प्युटर कळणारा मीच. त्याच सुमारास नवा कॉम्प्युटर आला. तो बसवायला तालुक्याहून आलेला इंजिनिअर म्हणाला, सगळे प्रोग्राम 'प्रोग्राम फाइल्स' नावाच्या फोल्डरमध्येच राहतील, शिस्त म्हणजे शिस्त. मी गफूरभाईंचा प्रोग्राम तिथे नेऊन ठेवला, 'चल'मध्ये नवा पत्ता घातला आणि फाइल दाबली. चालेना. स्क्रीनवर इंग्रजी आलं, ज्याचा मराठी अर्थ एवढाच की 'प्रोग्राम' नावाचा कोणी इसम इथे राहत नाही.

मी व्हायरस आहे असं जाहीर केलं. काहीही अडलं की मी तेव्हा व्हायरस आहे असं जाहीर करत असे. गफूरभाई चष्मा कपाळावर ढकलून स्क्रीनजवळ गेले.

"व्हायरस न्हाई. फट हाय."

"कसली फट?"

"नावात. 'प्रोग्राम' आन 'फाइल्स'च्या मधी. अरे, ह्यो कॉम्प्युटर म्हंजी सरकारी खिडकी. फट दिसली की ह्याला वाटतं नाव संपलं. त्यो नुसत्या 'प्रोग्राम'ला हुडकत बसलाय, आन 'फाइल्स' दुसराच कोन तरी म्हनून मागं हुभा केलाय." असं म्हणून त्यांनी पत्त्याच्या अलीकडे आणि पलीकडे अवतरणचिन्हं टाकली. "दोन्ही बाजूंनी क्लॅम्प मार. हिरीत पाइप सोडताना मारतो तसा. मग कितीबी फटी असू दे, नाव सुटत न्हाई."

दाबली. तरी चालेना. एक रिकामी काळी खिडकी उघडली आणि तिच्या डोक्यावर आमच्या प्रोग्रामचा सगळा पत्ता पाटीसारखा लागला. आत काहीच नाही. मी व्हायरसचा विषय परत काढणार होतो, पण गफूरभाई हसले.

"माझंच चुकलं. ही 'स्टार्ट'ची आज्ञा लई मानपानाची. पहिला क्लॅम्प दिसला की ती त्याला खिडकीचं नाव समजती. म्हनून आधी दोन रिकामी चिन्हं मांडायची, आत काय न्हाई. मग खरा पत्ता." त्यांनी रिकामी जोडी टाकली. "ग्रामसभेत सायबासाठी खुर्ची मांडतो का न्हाई? सायेब येत न्हाई. पर खुर्ची न्हाई मांडली तर म्होरला कार्यक्रम सुरू होत न्हाई."

तिसऱ्यांदा फाइल चालली. तिचं चालणंही बघण्यासारखं असायचं. काळ्या स्क्रीनवर इंग्रजी अक्षरांत मराठी ओळी यायच्या, गफूरभाईंच्याच आवाजात: 'थांब जरा, जुने तक्ते फेकतोय.' मग 'हिरी मोजतोय. चहा घे.' शेवटी 'झालं. प्रिंटरात कागद हाय का बघ.' मी हसलो होतो. एम.कॉम. झालेल्या माणसाला साडेसात शिकलेल्यानं क्लॅम्प मारायला शिकवावा याची जरा लाज वाटली, म्हणून जास्तच हसलो. आणि विसरून गेलो.

दोन वर्षांनी, दिवाळीनंतरच्या ग्रामसभेला पाहुणे येणार असल्याचा निरोप आला. कुठल्या तरी जिल्ह्यातलं पथक, गावची पाण्याची पद्धत बघायला. पहिल्यांदाच कोणी रस्ता न चुकता येणार होतं. मी आदल्या दिवशी कॉम्प्युटरची झाडलोट काढली. डी ड्राइव्हवर गफूरभाईंची दोन फोल्डरं होती. एक 'पाणी', ज्यात नऊ वर्षांची सगळी मापं आणि विहिरींचे फोटो. दुसरं 'पाणी_तक्ते', ज्यात छापायचे तक्ते तयार व्हायचे आणि दर वेळी 'चल' आधी ते जुनं फोल्डर पुसून टाकायची. दोन शब्दांच्या मधली ती आडवी रेघ मला गावंढळ दिसली. पाहुणे काय म्हणतील? मी आतले गेल्या सालचे तक्ते पुसले, रेघ काढली, छान मोकळी जागा सोडली, 'पाणी तक्ते' असं देखणं नाव केलं. आणि मी इतका हुशार की 'चल'मध्ये जाऊन तिथेही नाव बदललं. जुनी फाइल मोडू नये म्हणून! क्लॅम्प अर्थातच मारला नाही. त्या संध्याकाळी पारावर बसून हे सगळं मी कौतुकानं सांगितलंसुद्धा: "उद्या बघा, सगळं कसं प्रोफेशनल दिसेल."

सकाळी नऊ वाजता मी 'चल' दाबली. अकराला सभा. पाहुणे सरपंचबाईंकडे पोहे खात होते. स्क्रीनवर आलं, 'थांब जरा, जुने तक्ते फेकतोय.' नेहमी ही ओळ डोळ्याची पापणी लवेपर्यंत जाते. आज थांबली. बराच वेळ थांबली. मी कौतुकानं बघत राहिलो. म्हटलं आज मशीनही पाहुण्यांसाठी मन लावून काम करतंय.

कॉम्प्युटर काय वाचत होता ते मला नंतर कळलं. मी लिहिलं होतं, 'पाणी तक्ते' पुसून टाक. त्यानं फट बघितली, नाव संपलं असं धरलं आणि दोन नावं केली. पहिलं 'पाणी'. ते त्यानं आतल्या सगळ्यासकट पुसलं. दुसरं 'तक्ते'. ते त्याला सापडलं नाही, त्याबद्दल त्यानं एका ओळीत तक्रार केली. मग प्रोग्राम चालू झाला आणि गफूरभाईंनी नऊ वर्षांपूर्वी गंमत म्हणून लिहून ठेवलेली, कधीच कोणाला न दिसलेली एक ओळ स्क्रीनवर उमटली:

'पाणी कुठं गेलं?'

यानंतरच्या पाऊण तासात मी जे केलं त्याला उपाय म्हणतात असं मला वाटत होतं. मोबाईलवर वाचून, पुसलेल्या फाइली परत आणणारा एक फुकटातला प्रोग्राम उतरवून घेतला आणि नेमका त्याच डी ड्राइव्हवर बसवला. जिथे विहिरी गाडल्या गेल्या होत्या तिथेच वरून मुरूम टाकला म्हणा ना. पुढे नगरच्या दुरुस्तीवाल्यानं कपाळाला हात लावून हेच सांगितलं. गफूरभाईंचा एक पेनड्राइव्हही होता, सगळ्याची नक्कल असलेला, टेबलाच्या खणात. पण चुलतभावाच्या हळदीला गाणी भरून न्यायला तो मीच रिकामा केला होता. त्यात आता एकशेवीस गाणी होती आणि एकही विहीर नव्हती.

गफूरभाई आले ते इस्त्रीचा शर्ट घालून. मी नुसता बाजूला सरकलो. त्यांनी स्क्रीन बघितली. 'चल' उघडली, ती ओळ वाचली, माझ्याकडे बघितलं आणि परत ओळीकडे. मला वाटलं आता कानाखाली बसणार. बसली असती तर बरं झालं असतं.

"फट," ते हळू म्हणाले. मग खुर्चीवर बसले. चष्मा पुसत म्हणाले, "क्लॅम्प मारायला पायजे हुता मी."

"तुम्ही कशाला? नाव मी बदललं."

"फाइल कोनाची?"

अकराला सभा भरली. साहेबांसाठी मांडलेल्या खुर्चीत पहिल्यांदाच खरोखर कोणी तरी बसलं होतं. गफूरभाई उभे राहिले आणि म्हणाले, "आकडं गेलं. ह्या सालचं बी आन मागचं बी. फाइल मी लिवली हुती. जिथं क्लॅम्प मारायचा तिथं मी मारला न्हाई. चूक माझी हाय."

मी उठलो. अगदी उठलो होतो. मग सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, आणि मी पाहुण्यांना पाणी हवंय का ते विचारून खाली बसलो.

सरपंचबाई म्हणाल्या, "गफूरभाई, तुमाला तर सगळं तोंडपाठ असंल. सांगा तोंडी, लिहून घेऊ."

"पाठ हाय. पर तोंडी सांगितलं तर ते माझं सांगनं झालं, सरपंचबाई. माप न्हाई झालं. आज मानतील. उंद्या कोन म्हनलं, गफूरनं मनानं सांगितलं, तर त्याचं काय चुकलं?"

तेवढ्यात भाऊसाहेब उठले. चांगला बारा एकरांचा माणूस, स्वतःचा टेम्पो, आणि कांद्याचं रोप वाफ्यात वीतभर झालेलं. "म्हंजी आकडं न्हाईत. मग बंदी बी न्हाई! माझं रोप काय तुमच्या कॉम्प्युटरसाठी थांबनार हाय का?"

"थांबल की आठ दिस," गफूरभाई म्हणाले. "रोपाला आठ दिसानं काय होत न्हाई. मी परत मापतो."

"आन मागच्या सालचं? ते कुठून मापनार? मागं जाऊन?"

  तरी सभा आठ दिवस पुढे गेली. पाहुणे कोऱ्या वह्या घेऊन परत गेले.

ते आठ दिवस मी त्यांच्याबरोबर फिरलो. दोराची वेटोळी माझ्या खांद्यावर. कोणी सांगितलं नव्हतं, पण घरी बसवत नव्हतं. प्रत्येक विहिरीवर शेतकरी गफूरभाईंना दोन शब्द ऐकवायचा: एवढं वय झालं, कशाला नाद करायचा मशीनचा; नऊ वर्षांचं केलं न् घालवलं. गफूरभाई कठड्यावर कोपर टेकत म्हणायचे, "चुकलं माझं," आणि दोर सोडायचे. एकदा वजन पाण्याला लागलं तसं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "मागच्या खेपी साडेबारा..." आणि त्यांनी जीभ चावली. म्हणजे खरंच सगळं पाठ होतं.

सतराव्या विहिरीवर माझा बांध फुटला. तिथले म्हातारे तात्या गफूरभाईंना जरा जास्तच बोलले. मी दोर खाली टाकला आणि म्हणालो, "तात्या, त्यांना बोलू नका. मी केलंय ते. नाव मी बदललं, पेनड्राइव्ह मी पुसला, सगळं मी केलं!"

तात्यांनी तंबाखू मळायचं थांबवलंसुद्धा नाही. "आरं, ते काय आमाला ठावं न्हाई व्हय? आदल्या दिशी पारावर तूच तर सांगत हुतास. सगळ्या गावाला ठावं हाय."

"मग... मग त्यांना का बोलताय?"

"ते म्हनले माजी चूक. मग आमी काय त्यांना खोटं पाडायचं?"

मी गफूरभाईंकडे बघितलं. ते वैतागून म्हणाले, "बोलनं झालं असंल तर दोर उचल. मापाच्या टायमाला बोलत जाऊ नको. आवाज ऐकू येत न्हाई."

दुसरी सभा भरली. या सालचे तीस आकडे माझ्यासमोर होते. सुरुवातीलाच मी उभा राहून कबुली दिली, चांगली तयार करून आणलेली. "बस खाली," मागून कोणी तरी म्हणालं, "वाच म्होरलं." एवढंच. अपमान म्हणावा तर तोही पुरेसा झाला नाही.

मागच्या सालच्या मापांवर गफूरभाईंनी आठ दिवसांत एक तोड काढली होती. ज्याची विहीर त्यानं उठायचं, गेल्या कार्तिकात आपलं पाणी किती फुटांवर होतं ते सगळ्यांसमोर सांगायचं. ऑपरेटर लिहील. "प्रत्येकाला मी त्या दिशी वरडून सांगितलं हुतं. ज्याचं त्याला ठावं हाय."

"आन कोन खोटं बोलला तर?" सरपंचबाईंनी विचारलं.

"तर खोटं लिहू," गफूरभाई म्हणाले आणि डोळे मिटून बसले.

एकेक उठू लागला. दहा. साडेतेरा. नऊ. मी टाइप करत होतो आणि मधूनमधून गफूरभाईंच्या चेहऱ्याकडे बघत होतो, तिथे कुठे बरोबर-चूक उमटतंय का म्हणून. काही उमटत नव्हतं. प्रत्येक आकड्यावर एकच शब्द: "लिही."

भाऊसाहेबांची पाळी आली. त्यांच्या विहिरीचं या सालचं पाणी पंधरा फुटांवर होतं आणि ते सगळ्या सभेला आधीच वाचून दाखवलेलं. त्यांनी घसा खाकरला. "सोळा."

 गेल्या साली सोळा आणि यंदा पंधरा, म्हणजे भाऊसाहेबांचं पाणी वर आलं. त्यांची विहीर गावात सगळ्यात मोठी. तिचं पाणी वर आलं असं कागदावर बसलं, की उरलेल्यांना कांदा लावू नका म्हणायला सरपंचबाईंना तोंड उरणार नव्हतं. मी बोटं वर धरून गफूरभाईंकडे बघितलं. त्यांना ठाऊक होतं. मला ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे. भाऊसाहेबांनाही होतं.

"लिही," गफूरभाई म्हणाले. आवाज तोच. डोळे मिटलेले.

मी सोळा लिहिलं. आणखी सहाजण राहिले होते, ते झाले. मग गफूरभाई म्हणाले, "आता सगळं वाच. ज्याला दुरुस्ती करायची त्यानं करावी." मी वाचत गेलो. भाऊसाहेबांचं नाव आलं. "सोळा," मी वाचलं आणि उगाच पाणी प्यायलो.

बायकांच्या बाजूनं आवाज आला. भाऊसाहेबांच्या मंडळी, लतावहिनी. "अवो, सोळा कुठलं?"

"तू गप बस."

"कशी गप बसू? मागच्या कार्तिकात मोटार जळाली हुती आपली. चार दिस मी शेंदून पानी काढलं. घरातला दोर बारा फुटी, तो पानी गाठत हुता. सोळावर पानी असतं तर मी काय हिरीत उडी मारून हंडा भरला का?"

हशा पिकला. भाऊसाहेब लाल झाले. "बाई, तुला कळतंय का काय बोलतीस? रोप वाळून जाईल आपलं!"

"रोप वाळंल. पर फाल्गुनात हंडा घेऊन मला हुभं ऱ्हावं लागतं त्या टँकरपाशी. तुमी येता का कदी?"

आता कोणी हसलं नाही.  भाऊसाहेबांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. शेवटी माझ्याकडे न बघता म्हणाले, "अकरा कर."

"लिही," गफूरभाई म्हणाले.

बेरीज झाली, सरासरी निघाली. गावाचं पाणी गेल्या सालापेक्षा दोन फुटांहून जास्त खाली गेलं होतं. त्या साली कांदा नाही. भाऊसाहेबांचं रोप देवळाली प्रवऱ्याच्या मेहुण्याकडे गेलं, कालव्याच्या पाण्यावर. 

सभा उठल्यावर मी गफूरभाईंना कोपऱ्यात गाठलं. "तुम्हाला माहीत होतं ना, त्यांचं अकरा होतं?"

"साडेअकरा."

"मग बोलला का नाहीत?"

"अर्धा फूट त्यानं आपल्या अंगावर घेतला. घेऊ दे की." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चल आता. फाइल दुरुस्त करायची हाय." त्या दुपारी त्यांनी मला शेजारी बसवून 'चल'मधल्या एकूण एक नावाला क्लॅम्प मारले, फट असलेल्याही आणि नसलेल्याही. फोल्डर पुसणारी ओळ मात्र काढूनच टाकली. "जुने तक्ते साठू दे. साठल्यानं काय बिघडत न्हाई. पुसल्यानं बिघडतं."

उन्हाळ्यात त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. लेक श्रीरामपूरला असते, ती न्यायला आली. दुकान आवरलं. वाइंडिंगचं यंत्र, तारेची रिळं, तो पिवळा मॉनिटर, एवढं सगळं न्यायला गाडी हवी होती. गावात टेम्पो एकच. मी दबकत भाऊसाहेबांकडे विचारायला गेलो, तर ते म्हणाले, "तू कशाला आलास? त्यांनी मला कवाच सांगितलंय."

निघाले तेव्हा मी मोटारसायकलवरून मागे होतो, फाट्यापर्यंत पोचवायला. लेक केबिनमध्ये कडेला बसली होती, गफूरभाई मध्ये. टेम्पोच्या मागच्या काचेतून त्यांचा हात वरखाली होताना दिसत होता. म्हणजे काही तरी समजावत होते. भाऊसाहेबांची मान नाही नाही म्हणत होती. फाट्याच्या अलीकडे भाऊसाहेबांचं मोकळं शेत लागतं. तिथे टेम्पो एकदम थांबला. दोघेही उतरले. गफूरभाई चाचपडत तिथल्या विहिरीच्या कठड्यापर्यंत गेले, भाऊसाहेबांनी दंड धरला होता.

मी लांबच थांबलो. ऐकू येत होतं ते एवढंच:

"एकोनीस."

"आवो, डोळं गेलं तुमचं गफूरभाई, एकवीस हाय!"

"डोळ्यानं कोन मापतंय? खडा टाक. ऐक."

भाऊसाहेबांनी खडा उचलला. लेक केबिनमधून ओरडली, "अब्बा, उशीर होतोय!" टेम्पोचं इंजिन चालूच होतं, आणि ते दोघे माझ्याकडे पाठ करून, कठड्यावर वाकून, खडा पाण्याला लागायची वाट बघत होते.